घसरणीचा हिशेब

बर्फावर पायांत पाती बांधून धावण्याच्या शर्यतींचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात मैदान मोठे असते, चारशे मीटरचा एक फेरा असतो आणि दोन धावपटू आपापल्या स्वतंत्र मार्गिकेतून धावतात. त्यांची खरी स्पर्धा घड्याळाशी असते; शेजारी कोण धावत आहे, याला फारसे महत्त्व नसते. दुसऱ्या प्रकाराला ‘शॉर्ट ट्रॅक’ म्हणतात. हॉकी खेळण्याच्या, साठ मीटर लांब आणि तीस मीटर रुंद अशा बर्फाच्या अंगणात अवघ्या 111.12 मीटरचा लंबवर्तुळाकार मार्ग आखलेला असतो आणि त्या एकाच मार्गावर चार-पाच, कधी त्याहून अधिक धावपटू एकदम सोडले जातात. वेगळ्या मार्गिका नाहीत. वेळेची नोंद होते, पण क्रमांक ठरतो तो रेषेवर कोण आधी पोचले यावरून.

स्त्रियांची शॉर्ट ट्रॅक शर्यत हिवाळी ऑलिम्पिकमध्ये 1992 साली फ्रान्समधील आल्बेरव्हिल येथे अधिकृतपणे सुरू झाली. त्यातील पाचशे मीटरची शर्यत सर्वांत छोटी. साडेचार फेरे, आणि त्रेचाळीस-चव्वेचाळीस सेकंदांत सारे संपते. उभ्या अवस्थेतून सुरुवात करूनही ताशी चाळीस किलोमीटरहून अधिक सरासरी वेग पडतो. वळणे सगळी डावीकडे. वळणावर शरीर इतके झुकते की डाव्या हाताची बोटे बर्फाला टेकतात. त्यासाठी हातमोज्यांच्या टोकांना कठीण, गुळगुळीत टोपणे बसवलेली असतात. पायाखालचे पाते जाडीला मिलिमीटरभर, आणि धार अशी की डोक्यावर शिरस्त्राण, गळ्याभोवती संरक्षक पट्टा आणि अंगात सहजी न कापला जाणारा पोशाख असल्याशिवाय कुणालाही मैदानात उतरता येत नाही. मैदानाच्या कडेला जाड गाद्यांची भिंत उभी असते, कारण पडणे हा या खेळातला अपवाद मानलेलाच नाही.

आणि येथे पडणारी सहसा एकटी पडत नाही. दोघींमधले अंतर हातभराचे असते. एकीचा पाय सुटला, की तिचे घसरत जाणारे शरीर पुढच्या दोघींना घेऊन गादीवर आदळते. त्यांत एखादी अशी असते जिने काहीच चूक केलेली नसते. फक्त ती त्या क्षणी त्या जागी असते. दुसऱ्याच्या चुकीचा वाटा निष्कारण आपल्या पदरात पडणे, ही संसारात आणि व्यवहारात सर्वांच्या परिचयाची गोष्ट या खेळात डोळ्यांदेखत, काही सेकंदांत घडते. म्हणूनच तो खेळ न खेळणाऱ्यालाही विचार करायला लावतो.

13 फेब्रुवारी 2014 रोजी रशियातील सोची येथे पाचशे मीटरची अंतिम शर्यत झाली. प्रारंभरेषेवर चौघी होत्या : दक्षिण कोरियाची पार्क स्यूंग-ही, ब्रिटनची एलिस क्रिस्टी, इटलीची आरियाना फोंताना आणि चीनची ली जियानरौ. या शर्यतीवर चीनचा जणू वारसाहक्कच होता. 2002 मध्ये यांग यांगने आणि 2006 व 2010 मध्ये वांग मेंगने हे सुवर्णपदक चीनला मिळवून दिले होते. पण स्पर्धेच्या महिनाभर आधी सराव करताना वांग मेंगचा घोटा मोडला. जिच्यावर मग सारी भिस्त होती, ती फान केशिन उपान्त्य फेरीतच घसरून पडली. उरली ती ली जियानरौ. चौघींत सर्वांत कमी अपेक्षा तिच्याकडून होत्या.

पार्क सुरुवातीपासून पुढे निघाली. तिच्या मागे फोंताना आणि क्रिस्टी, आणि सर्वांत शेवटी ली. पहिल्याच फेरीतील वळणावर क्रिस्टीने आतल्या बाजूने पुढे सरकण्याचा प्रयत्न केला. जागा दिसत होती, पण पुरेशी नव्हती. तिचा फोंतानाला धक्का लागला, दोघी कोसळल्या आणि त्यांच्याबरोबर सर्वांत पुढे असलेली पार्कही गेली. मागून येणाऱ्या लीच्या समोर क्षणार्धात मोकळे बर्फ होते. तिने उरलेले फेरे एकटीने पूर्ण केले आणि 45.263 सेकंदांत सुवर्णपदक मिळवले.

पार्क घाईघाईने उठली. दोन पावले टाकते न टाकते तोच ती पुन्हा पडली. पुन्हा उठली. शर्यत हातची गेली होती हे तिला ठाऊक होते, तरीही तिने सारे फेरे पूर्ण केले. तिची वेळ 54.207 सेकंद, म्हणजे लीच्या नंतर जवळजवळ नऊ सेकंदांनी. इकडे पंचांनी चित्रफीत तपासली आणि क्रिस्टीला दोषी ठरवून बाद केले. फोंतानाला रौप्य मिळाले आणि दोनदा पडून रेषेवर पोचलेल्या पार्कला कांस्य. दुसऱ्यांदा पडल्यावर ती तेथेच बसून राहिली असती, तर कुणी तिला बोल लावला नसता. पण पदकही तिचे झाले नसते.

या खेळाचा नियम स्पष्ट आहे. पुढे असलेल्या धावपटूचा मार्गावर पहिला हक्क असतो. मागून पुढे जाऊ पाहणाऱ्याने धक्का न लागू देण्याची जबाबदारी स्वतःवर घ्यायची असते. हेतू काय होता, हे पंच बहुधा विचारीत नाहीत. कृती काय झाली एवढेच पाहतात. क्रिस्टीने जागेचा अंदाज चुकवला आणि त्याची किंमत दोन निरपराध स्पर्धकांनी मोजली; तेव्हा तिला बाद करणे योग्यच होते. तिची शिक्षा तेथे पूर्ण झाली. नियमाच्या दृष्टीने तो हिशेब त्याच संध्याकाळी मिटला.

पण नियमापुरते समाधान नसलेले लोक बाहेर पुष्कळ होते. पार्कचे सुवर्णपदक एका परकीय मुलीने हिरावून घेतले, या भावनेने हजारो मैलांवरून शिव्याशाप आणि धमक्या क्रिस्टीच्या समाजमाध्यमांवरील खात्यावर येऊन आदळू लागल्या. जिवे मारण्याची भाषाही त्यांत होती. तेवीस वर्षांच्या त्या मुलीने अखेर आपले खाते बंद केले. त्यानंतर दोनच दिवसांनी पंधराशे मीटरच्या प्राथमिक फेरीत शेवटच्या क्षणी ती समाप्तिरेषेच्या आतल्या बाजूने गेली आणि रेषा ओलांडल्याची नोंदच झाली नाही. 21 फेब्रुवारीला हजार मीटरच्या उपान्त्य फेरीत पुन्हा धक्का लागला आणि पुन्हा ती बाद ठरली. एका स्पर्धेतील तिन्ही शर्यती अशा गेल्या. ज्या मनावर धमक्यांचे ओझे आहे, ते मन वळणावर किती स्थिर राहू शकते, हे मोजण्याचे साधन कुणाकडे नाही. परंतु ज्यांनी त्या धमक्या लिहिल्या, त्यांच्यापैकी कुणी हा प्रश्न स्वतःला विचारला असेल असे वाटत नाही.

आणि जिच्या कैवारासाठी हा सारा संताप चालला होता, ती पार्क त्या वेळी काय करीत होती? त्या पडण्यात तिचा गुडघा दुखावला. त्यामुळे पंधराशे मीटरच्या शर्यतीतून तिला माघार घ्यावी लागली. ते दुःख लहान नव्हते. तरी ती 18 फेब्रुवारीला सांघिक शर्यतीत उतरली आणि संघाला सुवर्ण मिळाले. 21 फेब्रुवारीला, क्रिस्टी बाद झाली त्याच दिवशी, पार्कने हजार मीटरचे सुवर्णपदक जिंकले. जिचे नुकसान झाले होते, तिने आपला वेळ दुखरा गुडघा आणि पुढची शर्यत यांकडे लावला. ज्यांचे काहीच गेले नव्हते, त्यांना सूड घ्यायला सवड होती.

येथे जुन्या पेढीवरची एक रीत आठवावी. रोजमेळ जुळेना, तर मुनीम प्रथम चूक शोधतो : आकडा उलटा पडला का, एखादी रक्कम दोनदा चढली का, नाव एकाचे आणि खाते दुसऱ्याचे झाले का. चूक सापडली की ती दुरुस्त होते, नुकसान झाले असेल तर ते चूक करणाऱ्याच्या नावे पडते, आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस त्याच गादीवर बसतो. लबाडीचा प्रकार निराळा; तिची वासलात निराळ्या रीतीने लागते. ज्या मालकाला चूक आणि लबाडी यांत फरक करता येत नाही, त्याच्याकडे हुशार माणसे फार दिवस टिकत नाहीत आणि जी टिकतात ती चुका लपवायला शिकतात. दोष पाहणे हे व्यवहाराचे काम आहे. त्या दोषावरून द्वेष धरणे हे आणखी काहीतरी आहे, आणि त्याने रोजमेळ जुळत नाही.

सोचीनंतर चार वर्षांनी हा सारा प्रसंग जणू पात्रे बदलून पुन्हा घडला. 2018 ची स्पर्धा दक्षिण कोरियात प्योंगचांग येथे होती आणि शॉर्ट ट्रॅकच्या शर्यती जवळच्या गांगन्युंग शहरात. कोरियाने या खेळात असंख्य पदके मिळवली होती, पण स्त्रियांच्या पाचशे मीटरचे सुवर्ण एकदाही मिळालेले नव्हते. घरच्या प्रेक्षकांसमोर ते मिळवून देईल अशी आशा चोई मिन-जिओंग हिच्यावर होती. 13 फेब्रुवारीच्या अंतिम शर्यतीत फोंताना आणि चोई जवळजवळ एकदमच रेषेवर पोचल्या. छायाचित्र पाहून फोंताना पहिली ठरली. मग पंचांनी शर्यतीची चित्रफीत पाहिली आणि कॅनडाच्या किम बूताँ हिला अडथळा केल्याबद्दल चोईला बाद केले. नेदरलँड्सच्या यारा व्हॅन केर्कहोफला रौप्य आणि बूताँला कांस्य मिळाले.

निर्णय पंचांचा होता. बूताँने तो दिला नव्हता. तरीही त्या रात्रीपासून तिच्यावर तशाच धमक्यांचा वर्षाव सुरू झाला. कॅनडाच्या पथकाला पोलिसांची मदत घ्यावी लागली. पदक स्वीकारायला ती मंचावर चढली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होते, आणि आयुष्यातील पहिले ऑलिम्पिक पदक गळ्यात पडत असताना शेजारच्या दोघी प्रतिस्पर्धी तिला धीर देत होत्या. या वेळी तर तिने कुणाला धक्काही दिला नव्हता. सोचीमध्ये जिच्यावर लोक चिडले ती निदान दोषी होती. येथे जी निर्दोष होती, तिच्यावरच राग निघाला. द्वेषाला एकदा वाट मोकळी झाली, की दोष कुणाचा हे पाहण्याची त्याला गरज उरत नाही.

चार दिवसांनी पंधराशे मीटरची अंतिम शर्यत झाली. चोईने ती जिंकली. तिसरी आली बूताँ. जिचे रौप्य गेले आणि जिला त्यामुळे धमक्या मिळाल्या, त्या दोघी एकाच मंचावर आपापली पदके घेऊन उभ्या राहिल्या. त्या दोघींत भांडण नव्हतेच. ते इतरांनी त्यांच्या नावावर चालवले होते. बूताँने पुढे हजार मीटरचे रौप्यही मिळवले आणि समारोपाच्या सोहळ्यात कॅनडाचा ध्वज तिच्या हाती होता.

दुसऱ्याच्या घरच्या माणसाने धक्का दिला, तर राग येणे समजण्यासारखे आहे. पण आपल्याच घरातले माणूस पडले तर? त्याचेही उदाहरण याच स्पर्धेत पाहायला मिळाले. 10 फेब्रुवारीला तीन हजार मीटरच्या सांघिक शर्यतीची उपान्त्य फेरी होती. संघात चौघी असतात आणि एकूण सत्तावीस फेरे. एक धावत असताना बाकीच्या आतल्या बाजूने हळूहळू फिरत राहतात आणि पाळी आली की पुढे येतात. धावून आलेली मुलगी त्यांना मागून ढकलून आपला सारा वेग त्यांच्या हवाली करते. ढकलणे शक्य नसेल, तर नुसता स्पर्शही चालतो. तेवीस फेरे शिल्लक असताना कोरियाची ली यू-बिन पडली. वय वर्षे सोळा, घरचे मैदान, गच्च भरलेले प्रेक्षागृह, आणि बाकीचे संघ झपाट्याने पुढे निघून गेलेले.

त्या क्षणी ली बर्फावरून घसरत होती आणि तिने हात पुढे केला. चोई वेगाने तिच्याकडे आली, त्या हाताला हात लावला आणि निघाली. कुणी कपाळावर हात मारला नाही, कुणी मागे वळून पाहिले नाही. तेवढा वेळच नव्हता. चौघींनी मिळून एकेक फेरा अंतर तोडले, पुढच्या संघांना एकामागून एक गाठले आणि 4 मिनिटे 6.387 सेकंदांत शर्यत पहिल्या क्रमांकाने पूर्ण केली. तो त्या वेळचा ऑलिम्पिक विक्रम ठरला. पडून उठलेल्या संघाने, न पडता कुणीही केले नव्हते ते केले. दहा दिवसांनी अंतिम फेरीचे सुवर्णही याच संघाला मिळाले.

घरात, दुकानात, भागीदारीत असा प्रसंग येतोच. नव्या पिढीतला मुलगा एखादा सौदा चुकवतो, सून पहिल्याच मोठ्या कार्यात काही विसरते, धाकटा भाऊ नको त्याला उधार देऊन बसतो. त्या वेळी जाब विचारण्याचा हक्क सर्वांना असतो आणि विचारणे आवश्यकही असते; पण त्याची वेळ कोणती, हे त्या कोरियन मुलींना ठाऊक होते. शर्यत चालू असताना आधी हात लावायचा असतो. चूक कशी झाली याची चर्चा रेषा ओलांडल्यावर करता येते, आणि तेव्हा ती ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत पडलेली व्यक्तीही असते.

याचा अर्थ असा नव्हे, की जो उठून उभा राहतो त्याला दर वेळी पदक मिळतेच. तसे सांगणे सोपे आहे, पण खरे नाही. एलिस क्रिस्टी सोचीनंतर खेळ सोडण्याच्या विचारापर्यंत गेली होती. तरी ती परतली. 2016 च्या नोव्हेंबरमध्ये तिने पाचशे मीटरचा जागतिक विक्रम केला, आणि 2017 च्या मार्चमध्ये रॉटरडॅम येथील जागतिक स्पर्धेत हजार मीटर, पंधराशे मीटर आणि एकूण विजेतेपद अशी तीन सुवर्णपदके जिंकली. एकूण विजेतेपद मिळवणारी ती ब्रिटनची पहिली महिला. एखाद्या बोधकथेने येथेच पूर्णविराम दिला असता. पण 2018 मध्ये पाचशे मीटरच्या अंतिम शर्यतीत ती पडून चौथी आली. पंधराशेच्या उपान्त्य फेरीत पुन्हा पडली आणि तिला झोळीवरून बाहेर न्यावे लागले. दुखऱ्या घोट्याने हजार मीटरला उभी राहिली, सुरुवातीलाच पडली, शर्यत नव्याने सुरू झाल्यावर लंगडत दुसरी आली, आणि अखेर नियमभंगाबद्दल बाद ठरली. नैराश्याशी आपण झगडत होतो, हे तिने नंतर उघडपणे सांगितले. 2021 च्या डिसेंबरमध्ये ती निवृत्त झाली. ऑलिम्पिक पदक तिला मिळाले नाही.

सोचीच्या वळणावर तिच्या धक्क्याने जी पडली होती, त्या फोंतानाची वाट निराळी ठरली. उत्तर इटलीतील डोंगराळ भागातली ही मुलगी 2006 मध्ये तुरिन येथे पंधराव्या वर्षी सांघिक कांस्यपदक जिंकून या खेळात आली. 2010 मध्ये पाचशे मीटरचे कांस्य, 2014 मध्ये रौप्य, 2018 मध्ये सुवर्ण आणि 2022 मध्ये बीजिंगला पुन्हा सुवर्ण. तोवर तिची ऑलिम्पिक पदके अकरा झाली होती. सोळा वर्षे एकाच वळणावर, त्याच वेगात, त्याच धोक्यात. इतका दीर्घ काळ टिकणारी व्यक्ती कितीदा तरी दुसऱ्यांच्या चुकीने पडलेली असते आणि कितीदा तरी तिच्याही हातून कुणी पडलेले असते. प्रत्येक धक्क्याचे खाते उघडे ठेवले असते, तर पुढच्या शर्यतीसाठी तिच्यापाशी फारसे काही उरले नसते.

क्रिस्टी आणि फोंताना एकाच वर्षी जन्मलेल्या, एकाच वळणावर एकमेकींवर आदळलेल्या. एकीच्या वाट्याला 2022 पर्यंत अकरा पदके आली, दुसरीच्या वाट्याला एकही नाही. त्यातले किती कौशल्याने, किती नशिबाने आणि किती मनःशांतीने ठरले, हे कुणी सांगू शकणार नाही. पण एवढे निश्चित, की फोंतानाला त्या धक्क्यानंतर फक्त आपल्या पडण्याचे दुःख सोसायचे होते. क्रिस्टीला आपल्या चुकीची खंत, पंचांची शिक्षा आणि ज्यांचे तिने काहीच बिघडवले नव्हते अशा असंख्य अनोळखी माणसांचा द्वेष, असे तिहेरी ओझे वाहावे लागले. पहिली दोन ओझी न्याय्य होती. तिसरे लोकांनी तिच्या खांद्यावर नाहक लादले होते, आणि तेवढे न लादणे कुणालाही सहज शक्य होते.